‘कम्पॅटिबल’ या शब्दाची झडती: दुर्बिणीची पट्टी, माउंटची खोबण आणि आपला डेटा

शोधनिबंधावर शंका कशी घ्यायची हे आपल्याला एम.एस्सी.पासून शिकवतात. नमुना किती होता, त्रुटी किती धरली, निष्कर्ष आकड्यांतून निघतो की नुसता चिकटवलाय, असे प्रश्न आपण विचारतो. पण उपकरणाचा कॅटलॉग समोर आला की आपण एकदम भाविक होतो. त्यात लिहिलंय ना ‘कम्पॅटिबल’, मग बसणारच! आजची पोस्ट या एका शब्दाचं परीक्षण आहे. उदाहरण घेतलंय दुर्बिणीखालची डव्हटेल पट्टी आणि ती ज्यात बसते त्या माउंटच्या खोबणीचं. तुम्ही खगोलशास्त्रात जाणार नसाल तरी वाचा. तुमच्या प्रयोगशाळेतही दोन कंपन्यांच्या दोन वस्तू कुठेतरी एकमेकींना जोडलेल्या असणारच.

आधी वस्तू समजून घेऊ. दुर्बिणीच्या नळीखाली ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी स्क्रूने घट्ट बसवलेली असते. पट्टीच्या दोन्ही कडा तिरप्या असतात, म्हणजे एका बाजूने ती रुंद आणि दुसऱ्या बाजूने अरुंद. माउंट म्हणजे ताऱ्याच्या मागे मागे फिरणारं यंत्र. त्याच्या डोक्यावर तशाच तिरप्या कडांची खोबण असते, तिला सॅडल म्हणतात. पट्टी सॅडलमध्ये ठेवायची, बाजूचा जबडा आवळायचा, झालं काम. सुतार ड्रॉवरच्या कोपऱ्यात जो डव्हटेल सांधा करतो, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की सुताराचा सांधा एकदा बसला की बसला. इथे मात्र रोज रात्री काढायचा आणि रोज रात्री लावायचा.

एका पट्टीची चार नावं

बाजारात मुख्यतः दोन मापं चालतात. अरुंद पट्टी रुंद बाजूने साधारण ४४ मिमी भरते. ती जपानच्या व्हिक्सन कंपनीमुळे रूढ झाली. रुंद पट्टी साधारण ७५ मिमी, म्हणजे जवळपास तीन इंच. ती अमेरिकेच्या लॉसमंडी कंपनीची. दोन्ही मापं या कंपन्यांनी आपापल्या मालासाठी ठरवली, इतरांनी उचलली आणि तीच ‘स्टँडर्ड’ होऊन बसली.

याबद्दल व्हिक्सन आणि लॉसमंडी यांचं श्रेय कमी करायचं कारण नाही. एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या माउंटवर चढवता येते हे हौशी खगोलशास्त्रासाठी मोठंच काम झालं. पूर्वी नळी आणि माउंट एकाच कारखान्यातून एकत्र यायचे. नळी बदलायची तर सगळंच बदला.

माझी तक्रार नावांबद्दल आहे. अरुंद पट्टीला कोणी ‘व्हिक्सन’ म्हणतं, कोणी ‘व्ही टाइप’, कोणी ‘जीपी’, तर सेलेस्ट्रॉनच्या कागदांत तीच ‘सीजी-५’ होते. रुंद पट्टी कुठे ‘लॉसमंडी’, कुठे ‘डी टाइप’, कुठे ‘सीजीई’. जीपी, सीजी-५ आणि सीजीई ही मुळात माउंटची नावं. म्हणजे पट्टीला तिच्या मापाचं नाव न देता ती ज्या यंत्रावर बसली त्याचं नाव दिलंय. गावाकडे माणसाची ओळख ‘अमक्याचा जावई’ अशी करून देतात तसलाच प्रकार. गावात चालतं, कारण अमका सगळ्यांना माहीत असतो. तपशीलपत्रकात हे चालायला नको.

‘४४ मिमी’ असा आकडा दिला तरी काम संपत नाही. तो कुठे मोजला? पट्टी तिरपी, त्यामुळे वरचं माप वेगळं आणि खालचं वेगळं. कडांचा कोन किती? पट्टीची जाडी किती? ती सॅडलच्या तळाला टेकते की तिरप्या कडांवर अधांतरी राहते? बहुतेक कॅटलॉग यावर गप्प असतात. दोन्ही वस्तूंवर ‘व्ही टाइप’ लिहिलेलं असूनही कोनात थोडा फरक असेल तर जबडा पूर्ण पृष्ठभागावर न दाबता एका रेषेवर दाबतो. हाताला घट्ट लागतं, पण धरलेलं असतं फक्त एका धारेवर.

आणखी एक. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर चालणारी आर्का-स्विस पट्टीही दिसायला डव्हटेलच, पण ती साधारण ३८ मिमीची. फोटोग्राफर मित्राकडून आणलेली पट्टी व्हिक्सनच्या खोबणीत जबरदस्तीने आवळू नका. आवळली जाईल, आणि नळी मध्यरात्री खाली येईल.

रुंद म्हणजे चांगली?

सल्ला देणारे नेहमी एक वाक्य टाकतात: ‘गंभीर काम करायचं असेल तर डी टाइपच घ्या, रुंद असते म्हणून मजबूत.’ शेवट बरोबर आहे, कारण अर्धवट आहे. इथे जरा गणित करू.

समजा सॅडलची लांबी १०० मिमी आहे आणि पट्टीचं एक टोक ०.०१ मिमीने उचललं गेलं. शून्य पूर्णांक एक शतांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी. कोन किती झाला? ०.०१ भागिले १००, म्हणजे ०.०००१ रेडियन. एका रेडियनमध्ये २,०६,२६५ आर्कसेकंद असतात. म्हणजे दुर्बिणीचं तोंड सुमारे २०.६ आर्कसेकंद हललं.

हे २०.६ आर्कसेकंद कॅमेऱ्यावर किती दिसतात? आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीचं नाभीय अंतर २०३२ मिमी असतं. कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा धरा, तसे सेन्सर आता सर्रास मिळतात. एका पिक्सेलवर ०.३८ आर्कसेकंद आकाश येतं. म्हणजे तारा सुमारे ५४ पिक्सेल सरकला. केसाहून बारीक फट आणि चोपन्न पिक्सेल!

सॅडल २०० मिमी लांब असती तर त्याच फटीने निम्मा कोन झाला असता. इथे रुंदी कुठेच आली नाही, लांबी आली. मग रुंदी काय करते? पट्टी नळीला समांतर असते. रुंदी पट्टीला स्वतःभोवती कलंडण्यापासून वाचवते. पण त्या दिशेने थोडं कलंडलं तर दुर्बीण आकाशात त्याच बिंदूकडे बघत राहते, फक्त चित्र किंचित फिरतं. ४४ मिमी रुंदीवर तीच ०.०१ मिमीची फट आली तर चित्र सुमारे ४७ आर्कसेकंदांनी फिरेल. केंद्रापासून २००० पिक्सेल दूरच्या ताऱ्यासाठी हे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी.

डी टाइप व्यवहारात चांगली ठरते, कारण तिच्यासोबत सहसा लांब सॅडल येते, लांब जबडा येतो आणि पट्टी जाडजूड असल्यामुळे कमी वाकते. पण ‘रुंद आहे म्हणून’ एवढंच लक्षात ठेवलंत, तर आखूड सॅडलची डी टाइप घेऊन घरी याल आणि समाधानी राहाल.

जबडा कसा दाबतो हेही पाहा. काही साध्या सॅडलमध्ये दोन बोल्टची टोकं थेट पट्टीवर रुततात. संपर्क दोन बिंदूंचा, आणि पट्टीवर खड्डे पडतात. पुढच्या वेळी बोल्ट त्या जुन्या खड्ड्यात घसरतो. लांब जबड्याच्या सॅडलमध्ये दाब पूर्ण लांबीवर पसरतो. दोन्ही प्रकार कॅटलॉगमध्ये ‘कम्पॅटिबल’च.

किलोचा आकडा

दुसरा लाडका आकडा म्हणजे पेलोड. उदाहरणार्थ स्काय-वॉचरच्या ईक्यू६-आर माउंटसाठी तो २० किलो दिलेला असतो. यात काउंटरवेट धरत नाहीत हे तर माहीत हवंच. पण किलो म्हणजे फक्त वजन. ते वजन अक्षापासून किती लांब आहे हे किलो सांगत नाही. हलवायला लागणारा जोर अंतराच्या वर्गाने वाढतो. नऊ किलोची आखूड, जाडी नळी आणि नऊ किलोची एक मीटर लांब न्यूटोनियन नळी माउंटला सारखी वाटत नाही. फोटोसाठी दिलेल्या पेलोडच्या निम्मं ते दोन-तृतीयांशच वापरावं असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे, तो याच कारणाने.

त्यात वारा धरा. आपल्या जिल्ह्यात वाशी-भूमच्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. लांब नळी म्हणजे शिडाला हात लावून उभं राहिल्यासारखंच. आखूड सॅडल, लांब नळी आणि बालाघाटचा वारा, हा हिशेब कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतो. तो आपण करायचा.

शेजारच्या जेऊरची गोष्ट

परंड्याहून पश्चिमेला सीमा ओलांडली की करमाळा तालुका लागतो. तिथलं जेऊर मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन म्हणून आपल्याला माहीत आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली उपकरणं घेऊन तिथे आले होते. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेलही तिथेच तळ ठोकून होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. नंतर सावली ईशान्येकडे, आपल्या परंडा-भूमच्या बाजूला गेली.

कॅम्पबेल यांच्याकडे ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. लिक वेधशाळेच्या शेबर्ली यांनी तो १८९३ च्या चिलीतल्या ग्रहणासाठी तयार केला होता. आता विचार करा, बारा मीटर लांब नळी कुठल्या माउंटवर चढवणार? कुठली पट्टी, कुठली खोबण? शेबर्ली यांनी प्रश्नच वेगळा मांडला. फोटो स्पष्ट यायला काय स्थिर हवं? भिंग आणि प्लेट. नळी फक्त बाहेरचा उजेड अडवते. मग भिंग जमिनीला पक्कं करायचं आणि नळी फिरवायचीच नाही. ४० फुटांवर सूर्याची प्रतिमा सेकंदाला साधारण ०.८ मिमी सरकते. त्याच वेगाने घड्याळी यंत्रावर फोटोची प्लेट सरकवायची. जेऊरला भिंगाचा आधार आणि नळीचा आधार वेगवेगळे ठेवले होते, म्हणजे वाऱ्याने नळी हलली तरी भिंगाला धक्का नाही.

आज आपल्याला असा कॅमेरा बांधायचा नाहीये. पण विचारांचा क्रम बघा. आधी ठरवलं की प्लेटवर किती हालचाल चालेल. त्यावरून ठरलं की कुठला सांधा पक्का हवा आणि कुठला सैल चालेल. वस्तू त्यानंतर आल्या. आपण नेमकं उलटं करतो. वस्तू आधी येते, मग सांधा जुळवतो, आणि किती हालचाल चालेल हे प्रबंध लिहिताना कळतं.

कपाटातली दुर्बीण

हे उलटं का होतं? बऱ्याचदा खरेदीमुळे. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी असं पाहिलंय. अनुदान मार्चअखेर खर्च करायचं होतं. नळीसाठी तीन दरपत्रकं, माउंटसाठी तीन दरपत्रकं. दोन्हीकडे अट एकच, ‘स्टँडर्ड डव्हटेल’. सर्वात कमी दर दोन वेगळ्या पुरवठादारांचे आले. नळीखाली रुंद पट्टी, माउंटवर अरुंद खोबण. दोन्ही पुरवठादार कागदावर बरोबर, कारण दोन्ही ‘स्टँडर्ड’च. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढल्या आणि कपाटात गेल्या. एका मुलीला बदलत्या ताऱ्यांवर प्रकल्प करायचा होता. तिने शेवटी दुसऱ्यांच्या जुन्या नोंदी घेऊन काम पूर्ण केलं. काम चांगलंच झालं. पण स्वतः निरीक्षण घेण्याचं जे शिक्षण तिला मिळायला हवं होतं, ते दोन पट्ट्यांतल्या ३१ मिलिमीटरमध्ये अडकून राहिलं.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे अडॅप्टर. चालतो, पण प्रत्येक अडॅप्टर म्हणजे आणखी एक सांधा, आणि प्रत्येक सांध्याची आपली ०.०१ मिमी. त्यापेक्षा नळीखालची पट्टीच बदला. ती सहसा स्क्रूने बसवलेली असते. लेथ-मिलिंगवाल्याकडून करून घ्यायची असेल तर पट्टीसोबत सॅडलही त्याच्याकडे न्या. तिरपी कड मिलिंगवर डव्हटेल कटरनेच करायला सांगा, कानशीने घासून नको.

गाइडिंग आहे ना?

इथे हुशार वाचक विचारेल की ऑटोगाइडर असेल तर सॅडलमधली हालचाल आपोआप दुरुस्त होणार नाही का? बऱ्याच अंशी होईल. गाइड दुर्बीण मुख्य नळीवर बसवलेली असेल तर दोघी एकत्र हलतात, गाइडरला तारा सरकलेला दिसतो आणि तो माउंटला परत आणतो. अचानक घसरण झाली तर मात्र एखादा फोटो वाया जातो.

पण गाइड दुर्बीण स्वतः कशावर बसलीय? आणखी एका छोट्या पट्टीवर आणि छोट्या खोबणीत. तो सांधा वाकला तर गाइडर इमानेइतबारे चुकीच्या दिशेला दुरुस्ती करत राहतो. हा सांधा कोणी मोजत नाही. ऑफ-ॲक्सिस गाइडर मुख्य नळीतलाच प्रकाश वापरतो, म्हणून तो या सांध्यापासून बऱ्यापैकी मुक्त असतो.

हे संशोधनासाठी का महत्त्वाचं? एचडी १८९७३३ या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे २.४ टक्के कमी होतो आणि ही घटना साधारण १.८ तास चालते. आधी-नंतरचा वेळ धरून तुम्ही तीन तास फोटो घेता. त्या तीन तासांत सांधा हळूहळू ०.०१ मिमी सरकला तर तारा ५४ पिक्सेल चालतो. साठ सेकंदांच्या एका फोटोत ते ०.३ पिक्सेल. फोटो बघाल तर तारे गोल आणि सुंदर. पण प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडी वेगळी असते आणि फ्लॅट फोटोने ती पूर्ण निघत नाही. तारा जसा चालतो तसा प्रकाशाचा आलेख चढतो-उतरतो, आणि तो उतार तुम्ही ग्रहाच्या नावावर जमा करू शकता. एकेका फोटोकडे बघून हा दोष सापडत नाही, तो पूर्ण मालिकेत असतो.

मग काय करायचं

तुमच्या विभागात खरेदी होणार असेल तर तपशीलपत्रकात ‘स्टँडर्ड’ आणि ‘कम्पॅटिबल’ हे दोन शब्द लिहू देऊ नका. त्याऐवजी हे लिहा:

१. पट्टीची रुंद बाजू किती मिमी, कडांचा कोन किती, जाडी किती. शक्य असेल तर मापांसह आकृती मागा.
२. सॅडलची आणि जबड्याची लांबी किती. दाब बोल्टच्या टोकांनी की पूर्ण जबड्याने.
३. नळी, कॅमेरा, गाइडर मिळून वजन किती आणि नळीची लांबी किती. ही जोडी पेलेल असं पुरवठादाराकडून लेखी घ्या.
४. पैसे देण्यापूर्वी नळी माउंटवर चढवून दाखवण्याची अट.

वस्तू आधीच आलेल्या असतील तर व्हर्नियर कॅलिपर घ्या आणि स्वतः मोजा. मग आकाशाखाली तीन चाचण्या करा. पहिली, तारा मध्ये आणून नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि तारा स्थिर व्हायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. दुसरी, गाइडिंग बंद ठेवून तासभर साठ-साठ सेकंदांचे फोटो घ्या आणि ताऱ्याच्या केंद्राचा आलेख काढा. ध्रुवीय जुळणी चुकली असेल तर सरकणं सलग आणि गुळगुळीत दिसतं. माउंटच्या गिअरमुळे ठरावीक मिनिटांनी तीच लाट परत येते. सांधा घसरत असेल तर मधेच उड्या दिसतात. तिसरी, गाइडिंग चालू ठेवून तेच पुन्हा करा. तरीही तारा चालत असेल तर आधी गाइड दुर्बिणीचा छोटा सांधा तपासा.

हे तीन आलेख तुमच्या प्रबंधाच्या उपकरणांच्या प्रकरणात टाका. परीक्षक ‘माउंट कुठला?’ एवढंच विचारतील, तुम्ही मात्र तो किती हलतो हे सांगू शकाल. खगोलशास्त्राबाहेरच्या मित्रांनी आपापल्या टेबलावर बघावं: सेन्सर जिथे खांबाला आवळलाय, सॅम्पल जिथे होल्डरमध्ये बसलंय, तो सांधा शेवटचा कधी मोजला होता? मोजून झाल्यावर आकडा आणि तारीख वहीत लिहा, कारण सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा लागणार आहे.